परकायाप्रवेश : जुन्या मराठी वाङ्मयातील चित्तसामर्थ्य आणि त्याचे मोल

नोएडातील माझ्या सध्याच्या निवासस्थानी शेजारच्या सदनिकेत एक मराठी कुटुंब राहते. घराणे मूळचे ग्वाल्हेरचे, त्यामुळे त्यांच्या मराठीला हिंदीची एक गोड किनार आहे. त्यांचा धाकटा मुलगा संगणकावरील खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत काम करतो. एके संध्याकाळी तो माझ्याकडे एक चमत्कारिक प्रश्न घेऊन आला. त्यांच्या नव्या खेळात मांत्रिक आहेत. परंतु त्यांच्या हाती कांडी नाही, ओठांवर मंत्र नाही. केवळ मनाच्या बळावर ते दुसऱ्याच्या देहात शिरतात, दूरचे पाहतात, काळ थोपवून धरतात. अडचण अशी की, असे सामर्थ्य फुकटात दिले तर खेळ दोन दिवसांत कंटाळवाणा होतो. "काकू, आपल्या नाथांना याची काय किंमत द्यावी लागत असे?" असे त्याने मला विचारले. मी त्या वेळी त्याला जे उत्तर दिले ते घाईचे होते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराची दुरुस्ती करण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न वरवर खेळकर वाटला, तरी आपल्या वाङ्मयेतिहासाने तो पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही असे मला वाटते. सिद्धिकथांकडे पाहण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली श्रद्धाळूंची : घडले ते घडले, त्यात विचारायचे काय? दुसरी सुधारकी वळणाची : मूळ संत विवेकी होते, चमत्कार त्यांना पुढील चरित्रकारांनी चिकटवले, सबब ते बाजूला सारून उरेल तेवढे 'शुद्ध' वाङ्मय अभ्यासावे. दुसऱ्या पद्धतीचे आपल्यावर मोठे ऋण आहे, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, या दोन्ही पद्धती कथा वाचतच नाहीत. एक ती पूजेला लावते, दुसरी ती चाळणीत टाकते. कथेत सामर्थ्य कोणाकडे आहे, ते कशावर चालते आणि त्याचे मोल कोण चुकवते, हे प्रश्न दोघींच्याही हातून निसटतात.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चेटूक, करणी, मूठ यांना वस्तू लागते. लिंबू, केस, बाहुली, उतारा, अमावास्येची रात्र असे काहीतरी बाहेरचे साधन हवे असते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी चालविलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'मुळे जे अद्भुत एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले, तेही असेच वस्तुनिष्ठ आहे. दिवा हरवला की सामर्थ्य हरवते. सिद्धीचे तसे नाही. ती चित्ताची अवस्था आहे. ती चोरता येत नाही, मात्र ती गमावता येते आणि तिच्यात स्वतः हरवताही येते. समाजानेही या दोहोंत भेद केला. चेटकाचा आरोप बहुधा गावातील एकट्या स्त्रीवर येई आणि सिद्धीची कीर्ती बहुधा पुरुषाला लाभे. पहिलीला गावाबाहेर हाकलले जाई, दुसऱ्याची समाधी बांधली जाई. हा भेद केवळ तत्त्वज्ञानाचा नव्हता, ही नोंद पुढील विवेचनासाठी मनात ठेवावी.

चित्तसामर्थ्याचा शास्त्रीय आधार अर्थातच पतंजलींचा. योगसूत्रांच्या विभूतिपादात संयमाने प्राप्त होणाऱ्या शक्तींची मालिका येते. भूत-भविष्याचे ज्ञान, सर्व प्राण्यांच्या ध्वनीचा अर्थबोध, परचित्ताचे ज्ञान, अंतर्धान, हत्तीसारखे बळ इत्यादी. याच पादात, या सिद्धी समाधीत उपसर्ग होत, व्युत्थानात मात्र त्या सिद्धी होत, असा सुप्रसिद्ध इशारा आहे. हे सूत्र उद्धृत करताना त्याच्या स्थानाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते मालिकेच्या शेवटी, उपसंहारासारखे येत नाही, मध्येच येते. आणि इशारा देऊन झाल्यावर लगेच पुढचे सूत्र कोणते? बंधाचे कारण शिथिल झाले आणि चित्ताच्या संचाराचे मार्ग कळले, म्हणजे चित्त परशरीरात प्रवेश करते, हे! म्हणजे 'सावध असा' असे सांगून शास्त्रकार दुसऱ्याच श्वासाला सर्वांत धोक्याच्या विद्येची कृती सांगतात. हा विसंगतीचा दोष आहे असे मी मानत नाही. आकर्षण आणि भय यांना एकमेकांशेजारी बसवण्याची ही रीत पुढे मराठी ग्रंथकारांनीही पाळली आहे.

ज्ञानदेवांचेच पाहा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन येते, त्याला मूळ गीतेत आधार नाही. ती नाथपरंपरेची देणगी आहे आणि ज्ञानदेव ती उघडपणे, आनंदाने मांडतात. देहाची त्वचा नवी होते, कांती पालटते, शरीर वाऱ्यासारखे हलके होते. मग हा योगी समुद्रापलीकडचे पाहतो, स्वर्गात चाललेला विचारविनिमय ऐकतो, वाऱ्यावर आरूढ होतो, पाण्यावरून चालला तरी त्याचे पाऊल भिजत नाही. या यादीत एक सामर्थ्य असे आहे, ज्यापाशी मी दर वेळी थांबते. त्याला मुंगीचे मनोगत कळते. राजाचे नव्हे, शत्रूचे नव्हे, मुंगीचे! परचित्तज्ञानाचा एवढा निरुपयोगी आणि एवढा कोमल उपयोग अन्यत्र क्वचितच सुचवला गेला असेल. राजनीतीत परचित्तज्ञान हे हेराचे काम आहे. ज्ञानदेवांच्या हाती ते करुणेचे होते. आणि एवढे सांगून ते तेथे रेंगाळत नाहीत. अशा पुष्कळ सिद्धी वाटेत येतात, असे म्हणून ते पुढे, पंचमहाभूतांच्या लयाकडे वळतात. धिक्कार नाही, की प्रदर्शन नाही. प्रवासी एखाद्या सुंदर गावातून मुक्काम न करता जातो, तसे ते जातात.

याच ज्ञानदेवांविषयीची सर्वांत लोकप्रिय सिद्धिकथा मात्र प्रदर्शनाचीच आहे. चौदाशे वर्षे जगलेला चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा आसूड घेऊन भेटीस निघतो आणि ही भावंडे बसल्या भिंतीसह त्याला सामोरी जातात. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ चांगदेवाचे गाव व मंदिर आहे, आळंदीला ती भिंत दाखवतात. कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून लिहिली गेली असे ज्या 'चांगदेव पासष्टी'विषयी सांगतात, त्या पासष्ट ओव्यांत ना वाघ आहे, ना साप, ना भिंत. तेथे आहे तो केवळ द्रष्टा-दृश्य यांच्या ऐक्याचा विचार. महिपतीच्या 'भक्तविजया'ने (शके १६८४, इ. स. १७६२) ही कथा घरोघरी नेली आणि १९४० साली प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनी 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटात ती भिंत पडद्यावर चालवून दाखवली. पोथीतील चमत्काराला आता यंत्राची जोड मिळाली होती. ही कथा मी येथे लांबवीत नाही, कारण तिच्यात धोका नाही. सजीवाला चालवण्यापेक्षा निर्जीवाला चालवणे थोर, हा तिचा निवाडा ठरलेला आहे. ही स्पर्धेची कथा आहे आणि स्पर्धेच्या कथेत हरणाऱ्याचा अहंकार तेवढा जातो. कोणाचे काही जळत नाही.

परकायाप्रवेशाच्या कथांत मात्र जळते.

लीळाचरित्र हा म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे इ. स. १२७८च्या सुमारास सिद्ध केलेला ग्रंथ. पंथीयांनी तो पुढे सांकेतिक लिपीत जपला आणि विसाव्या शतकात तो अभ्यासकांच्या हाती आला. शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे आज आपण तो सहजपणे वाचू शकतो. त्याच्या आरंभी चक्रधरांच्या देहधारणेची जी हकीकत आहे, ती भारतीय परकायाप्रवेशकथांतील सर्वांत कमी अलंकृत, आणि म्हणूनच सर्वांत अस्वस्थ करणारी आहे.

द्वारावतीला चांगदेव राऊळ राहतात. वर उल्लेखिलेल्या तापीतीरावरील चांगदेवाहून हे निराळे. हाती खराटा आणि सूप घेऊन ते नगरीचे रस्ते झाडतात, केर गोमतीत टाकतात. त्यांनी बावन्न पुरुषांना विद्यादान केले, असे पंथ सांगतो. सिद्ध पुरुषाचे हे चित्रच मुळी वेगळे आहे. कामाख्या नावाची योगिनी त्यांच्याकडे येते, रतीची मागणी करते आणि दाराशी अडून बसते. ते तिला शाप देत नाहीत, भस्म करीत नाहीत, वादात हरवीत नाहीत. ते देहच ठेवून जातात. इकडे भडोचला गुजरातच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव मरण पावलेला आहे, त्याला स्मशानात नेलेले आहे. त्या मृत देहात ते प्रवेश करतात आणि हरिपाळ उठून बसतो.

येथवरची कथा चमत्काराची. तिची खरी धार पुढे आहे. उठून बसलेला पुरुष घरी जातो. पत्नी कमळाइसा त्याला आपला पती म्हणून स्वीकारते. संसार चालू होतो आणि हरिपाळाला पूर्वी जे द्यूताचे व्यसन होते, तेही चालू राहते. एकदा तो मोठी रक्कम हरतो, ती भागवण्यासाठी पत्नीजवळ दागिने मागतो आणि ती नकार देते. या नकारातून त्याला संसाराची विरक्ती येते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो आणि वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या भेटीत त्याला पूर्ववत शक्तिस्वीकार घडतो. येथून पुढचे चक्रधर आपल्या ओळखीचे.

पंथाच्या दृष्टीने ही सारी ईश्वराची लीला आहे आणि त्या दृष्टीचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे. पहिली अशी की, हा देह रिकामा भाड्याच्या घरासारखा नाही. त्याला सवयी आहेत. जो आत आला, त्याला देहाबरोबर देहाचे जुगारही घ्यावे लागले, किंवा ते घेतल्याचे दाखवावे लागले. म्हाइंभटांनी हे झाकले नाही. संप्रदाय-संस्थापकाच्या चरित्रात जुगारातील हार लिहून ठेवणारा चरित्रकार आपल्या वाङ्मयात दुसरा शोधावा लागेल. दुसरी गोष्ट कमळाइसेची. स्मशानातून पती परत आला, याचा तिला झालेला आनंद खरा होता. पण परत आलेला तो कोण होता? हा प्रश्न तिला विचारण्याची सोय कथेत नाही. आपण मात्र तो विचारू शकतो.

महानुभाव तत्त्वज्ञांनी हा विषय भावनेवर सोडला नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य. परमेश्वर मानवी देह धारण करतो, त्याचे त्यांनी तीन प्रकार मानले : गर्भीचा, पतिताचा आणि दवडण्याचा. गर्भातून येणे, मृत देहात येणे आणि देहात असलेल्या जीवाला दवडून तेथे येणे. चक्रधरांचा अवतार दुसऱ्या प्रकारचा. तिसरा प्रकार नुसता वाचला तरी मन दचकते. अर्थात पंथाने हा अधिकार केवळ ईश्वराकडे ठेवला आहे, माणसाकडे दिलेला नाही. ही मर्यादा शास्त्रकारांनी जाणून घातली असावी, असे माझे मत आहे. ज्याला हे वर्गीकरण सुचले, त्याला त्याचा गैरवापरही सुचला असणारच.

लीळाचरित्रातच, सामर्थ्याची दुसरी बाजू दाखवणारी सशाची लीळा आहे. पारधी आणि कुत्री मागे लागलेला ससा धावत येतो आणि गोसावींच्या मांडीखाली दडतो. पारधी आपली शिकार मागतात. येथे सिद्धीला केवढा वाव होता! पण काही घडत नाही. गोसावी त्यांच्याशी बोलतात. शरण आलेल्यास मारू नये, हे त्यांना पटते, ते निघून जातात आणि मग सशालाही जायला सांगितले जाते. चमत्कार नसलेली ही लीळा महाराष्ट्राने भिंतीइतकीच जपली आहे, हे आपल्या परंपरेच्या बाजूने सांगण्यासारखे आहे.

आता नाथांकडे वळू. धुंडिसुत मालूंचा 'नवनाथ भक्तिसार' शके १७४१ (इ. स. १८१९) मधला, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षातला. चाळीस अध्यायांचा हा ग्रंथ आजही महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पारायणात आहे. विद्वानांनी त्याच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. त्यातील इतिहास कच्चा आहे, हे खरेच, रा. चिं. ढेरे यांनी 'नाथ संप्रदायाचा इतिहास' (१९५९) लिहून या कथांमागील संप्रदायाचा शोध घेतला, तेव्हा कोठे आपल्याला पाय टेकायला जमीन मिळाली. पण सामर्थ्याच्या मोलाचा विचार जेवढा या भाबड्या समजल्या जाणाऱ्या पोथीत आहे, तेवढा अनेक प्रौढ ग्रंथांत नाही.

त्रिविक्रम राजाची कथा घ्या. प्रयागाला राजा मरण पावला आहे, प्रजा आक्रोश करीत आहे. ते पाहून गोरक्षाला दया येते आणि राजाला उठवण्याची प्रतिज्ञा तो करून बसतो. शिष्याचा शब्द खरा करण्यासाठी मच्छिंद्रनाथ स्वतः राजाच्या शरीरात प्रवेश करतात. मुदत बारा वर्षांची. त्यांचा स्वतःचा देह शिवालयात लपवून ठेवला जातो. पुढे राणी रेवतीला गुरविणीकडून हे रहस्य कळते. बारा वर्षे सरली की हा पुरुष आपल्या मूळ देहात परत जाणार आणि आपण पुन्हा विधवा होणार, हे तिच्या ध्यानात येते. ती तो देह बाहेर काढवते आणि त्याचे तुकडे करवते. पुढे ते तुकडे कैलासाला नेले जातात, वीरभद्र त्यांचे रक्षण करतो, गोरक्ष युद्ध करून ते परत मिळवतो वगैरे भाग पोथीच्या नेहमीच्या धाटणीचा आहे आणि त्यात मला फारसा रस नाही.

रस आहे तो रेवतीत. पारायणाला बसणारा श्रोता तिला दुष्ट समजतो. मीही लहानपणी आजीच्या पारायणात ऐकताना तिला दुष्टच समजले होते. आज पन्नाशी उलटल्यावर वाटते, कथेत तिच्याइतके व्यवहारी शहाणपण दुसऱ्या कोणाकडे नाही. गोरक्षाने दया केली ती प्रजेवर, शब्द राखला तो गुरूने, राज्य वाचले ते दरबाराचे. आणि या साऱ्यासाठी जिच्या शय्येवर परका पुरुष तिला न सांगता आला, तिला मात्र कोणी विचारले नाही. तिला धर्मनाथ हा पुत्रही त्यांच्यापासूनच झाला. खरे कळल्यावर तिने पतीचा त्याग केला नाही. त्याची परतीची वाट बंद केली. परकायाप्रवेश करणाऱ्याचा सर्वांत मोठा धोका कोणता, तर मागे ठेवलेला देह. योगसूत्र या धोक्याचा उच्चार करीत नाही. तो ओळखला कथाकारांनी.

शंकराचार्यांच्या चरित्रातही हाच धोका आहे. माधवाच्या नावावरील 'शंकरदिग्विजया'त आचार्य कामशास्त्रातील प्रश्नांच्या उत्तरासाठी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश करतात, शिष्य गुहेत त्यांचा देह राखतात. राजाच्या ठायी आलेले असामान्य गुण पाहून दरबाराला संशय येतो आणि राज्यातील बेवारस प्रेते जाळण्याचा हुकूम सुटतो. तेथे मंत्री, येथे राणी, तर्क एकच. चांगला राजा मिळाला आहे, त्याला जाऊ देऊ नका. लक्षणीय बाब अशी की, या ग्रंथात आचार्यांना सावध करताना शिष्य पद्मपाद मत्स्येंद्राचेच उदाहरण देतो. म्हणजे वेदान्ताच्या परंपरेलाही या विषयात नाथांची साक्ष काढावी लागली.

दुसरा धोका विस्मरणाचा. स्त्रीराज्यात मैनाकिनीपाशी मच्छिंद्रनाथ रमले, त्यांना आपण कोण याचाच विसर पडला, ही कथा बंगालपासून महाराष्ट्रापर्यंत पसरलेली आहे. त्यांना परत आणण्यासाठी गोरक्ष उपदेश करीत नाही. तो गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या ताफ्यात शिरतो आणि मृदंग वाजवतो. त्या बोलांतून गुरूला आपल्या शिष्याची हाक ऐकू येते. आचार्यांचे शिष्यही राजसभेत गायक बनूनच जातात. ज्याचे चित्त स्वतःला विसरले, त्याला युक्तिवाद जागे करू शकत नाही, ओळखीचा ताल जागे करतो. आज वृद्धापकाळी स्मृती गमावलेल्या माणसांच्या संदर्भात जुन्या गाण्यांविषयी जे सांगितले जाते, ते ऐकताना मला हा मृदंग आठवतो. तुलना ओढूनताणून केलेली आहे, हे मला मान्य आहे.

याच कथेच्या उत्तरार्धात गोरक्षाचे जे रूप दिसते, ते मात्र कोणी फारसे सांगत नाही. मच्छिंद्रांबरोबर त्यांचा लहानगा मीननाथ आहे. गुरू त्याला धुऊन आणण्यास सांगतात आणि गोरक्ष त्या मुलाला धोब्याने कपडा धुवावा तसा खडकावर आपटून, त्याची कातडी वाळत घालतो. पित्याचा शोक पाहून तो त्याला पुन्हा जिवंतही करतो. पोथीला यातून मोहाची निरर्थकता दाखवायची आहे. परंतु प्रयागाला अनोळखी प्रजेच्या अश्रूंनी द्रवलेला गोरक्ष तो हाच. मेलेले उठवता येते, एवढी खात्री झाली की मारणे हलके होते. चित्तसामर्थ्याचा तिसरा आणि माझ्या मते सर्वांत भयंकर धोका हा आहे : ज्याला काहीच परत न येण्याजोगे उरत नाही, त्याच्या हातून काहीही होऊ शकते. मालूंना हे अभिप्रेत होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्यांनी ते लिहिले आहे.

१९३२ साली प्रभातने 'माया मच्छिंद्र' काढला. शांतारामांचे दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे मच्छिंद्र, दुर्गा खोटे राणी. पाळीव चित्त्यासह वावरणारी ती राणी पाहिली की वाटते, लोककथेने जे राणीला नाकारले, ते पडद्याने तिला देऊन टाकले.

संतांच्या भूमिकेचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. एकनाथांनी शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये वाराणसीस पूर्ण केलेल्या एकादशस्कंधावरील टीकेत पंधरावा अध्याय सिद्धींचाच आहे. मूळ भागवतात त्या सिद्धींना अंतराय, काळाचा अपव्यय करणाऱ्या, असे म्हटले आहे. तुकोबांनी तर आपल्याला लोकांना भुलवण्याचे कपट येत नाही, मुळ्या दाखवून चमत्कार करता येत नाहीत, असे सांगून टाकले आणि त्याच तुकोबांच्या चरित्रात इंद्रायणीने वह्या तारल्या. हा विरोधाभास नेहमी लोकांच्या भाबडेपणाच्या खात्यावर टाकला जातो. मला ते उत्तर अपुरे वाटते. ज्या समाजात वही बुडवण्याची सत्ता प्रत्यक्षात काही थोड्यांच्या हाती होती, तेथे वही तरल्याची कथा सांगणे हा उरलेल्यांचा निवाडा होता. ही कथा सामर्थ्य दाखवत नाही, ती न्याय मागते.

आणखी एक बाजू येथे केवळ सूचित करते. परकायाप्रवेशाची उलटी क्रिया म्हणजे 'अंगात येणे' किंवा 'बाधा होणे'. गाणगापूरला दत्ताच्या आरतीच्या वेळी बाधा झालेल्यांचे जे चित्र दिसते, ते ज्यांनी पाहिले असेल, त्यांना त्यात स्त्रियांची संख्या जाणवल्यावाचून राहिली नसेल. जो प्रवेश करतो तो सिद्ध, आणि जिच्यात प्रवेश होतो ती झपाटलेली! क्रिया एक, प्रतिष्ठा दोन. लेखाच्या आरंभी चेटूक आणि सिद्धी यांतील जो भेद नोंदवला, तो येथे पुन्हा समोर येतो. हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

सिद्धिकथांचा अभ्यास आज निरुपद्रवी राहिलेला नाही, याचेही भान ठेवले पाहिजे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर अध्यादेशाच्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अधिनियमाच्या रूपाने महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा आला. वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा कायदा एकदा मुळातून वाचावा. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, लुबाडणे, धाकात ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. परंतु होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणे, त्यांच्याविषयीच्या साहित्याचा प्रसार करणे, कथा-कीर्तन-प्रवचन, हे त्यातून वगळलेले आहे. या सवलतीवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. माझ्या दृष्टीने, राजकीय तडजोडीतून आलेली असली, तरी ती एक नेमकी वाङ्मयीन रेषा आहे. सांगितलेली सिद्धी आणि विकलेली सिद्धी यांत फरक आहे. पहिली श्रोत्याच्या मनात प्रश्न ठेवून जाते, दुसरी त्याच्या खिशात हात घालते. ही रेषा प्रत्यक्षात किती अंधूक असते, हे ज्यांनी बुवांच्या मठांत 'नवनाथा'ची पारायणे होताना पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे. तरीही ती रेषा ओढण्यासाठी कथा नीट वाचावी लागेल आणि ते काम न्यायालयाचे नसून आपले आहे.

शेजारच्या मुलाला मी प्रथम जे उत्तर दिले होते, ते असे : सामर्थ्य वापरले की स्मृती कमी होत जाते, असे खेळात ठेव. ते त्याला आवडले होते. परवा त्याला रेवतीची कथा सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काकू, पण आमच्या खेळात खेळणारा नेहमी आत शिरणाराच असतो. राणी म्हणून खेळायची सोयच आम्ही ठेवलेली नाही." तशी ती ठेवता येईल का, हे विचारायला तो दुसऱ्या दिवशी आपल्या वरिष्ठांकडे जाणार होता.